नळीची रेषा आणि नजरेची रेषा



ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक नेमबाजी स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने अवघ्या अठराव्या वर्षी १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता ठरलेला तो दुसराच भारतीय. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील ज्या तरुणांना ही विद्या शिकावीशी वाटते, त्यांनी प्रथम एक साधी गोष्ट समजून घ्यावी : डोळा जेथे पाहतो आणि नळी जेथे रोखलेली असते, त्या दोन रेषा एक नव्हेत.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला अनुमती नसते. छिद्रातून पाहूनच नेम धरावा लागतो. सरावाच्या रायफलीवर मात्र दुर्बीण बसविली जाते, आणि ती नळीशी जुळविण्यासाठी हल्ली लेसरचे उपकरण मिळते. काडतुसाच्या आकाराचे हे उपकरण रिकाम्या रायफलीत बसविले की नळीतून निघालेला तांबडा ठिपका लक्ष्यावर उमटतो. रायफल टेकूवर घट्ट ठेवून दुर्बिणीतील फुली त्या ठिपक्यावर आणावयाची. पूर्वी बोल्ट काढून, नळीतून डोळ्यानेच पाहून हे काम होई, आजही होते.

येथेच नवशिका फसतो. प्रकाश सरळ जातो, गोळी मात्र नळीबाहेर पडताच खाली येऊ लागते. पॉइंट बावीसची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटीमीटर खाली आलेली असते. त्या अंतराच्या लक्ष्यातील सर्वांत बाहेरचे वर्तुळ मध्यापासून आठ सेंटीमीटरही दूर नसते! म्हणजे केवळ लेसरवर विसंबणाऱ्याची गोळी सर्व वर्तुळांच्या बाहेर. शिवाय उपकरणातही दोष असू शकतो. ते जागीच फिरवून पाहावे. ठिपका स्थिर न राहता वर्तुळ काढू लागला, तर उपकरणच वाकडे समजावे. लेसरने काही गोळ्या वाचतात, इतकेच. त्यानंतर तीन किंवा पाच गोळ्या झाडाव्यात, त्यांच्या पुंजक्याचा मध्य पाहावा आणि दुर्बिणीचा फिरकी-स्क्रू एकेक क्लिक सरकवीत जावे. बहुतेक दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. गोळी झाडण्यापूर्वी उपकरण बाहेर काढल्याची खात्री दोनदा करावी. यात हयगय म्हणजे प्राणाशी खेळ.

१९३८ च्या मुंबईच्या साहित्य संमेलनात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी साहित्यिकांना लेखणी टाकून बंदूक घेण्याचे आवाहन केले. त्या आवाहनावर टाळ्या आजही पडतात. बंदूक हाती आल्यावर करावयाच्या या कंटाळवाण्या कामाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. दुर्बिणीला धक्का लागला, काडतुसांचा गट बदलला, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. स्पर्धेतही गुण मोजण्यापूर्वी चाचणीच्या गोळ्यांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. जगज्जेत्यालाही तो घ्यावा लागतो. रुद्रांक्षने कैरोत देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळविली होती. परंतु २०२४ च्या पॅरिसचा संघ निवड चाचण्यांवर ठरला आणि तो बाहेर राहिला. मागच्या सुवर्णाचा आधार तेथे पुरला नाही. तो पुन्हा सरावाला लागला. एप्रिल २०२५ मध्ये ब्यूनस आयर्सच्या विश्वचषकात त्याच प्रकाराचे सुवर्ण त्याच्या गळ्यात होते.