आधी विचारपूस, मग व्यायाम

विदर्भाला व्यायाम नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. पण आखाड्यात पाठ वाकली, की वस्ताद हात लावून सरळ करायचा. मोबाइलमधून हात कसा लावणार?

आमच्या हुडकेश्वरचा एक तरुण मोबाइलवरूनच व्यायाम शिकवतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नुसते प्रश्न : छातीत दुखतं का? गुडघे? साखर? झोप, ड्यूटी? मग उठता-बसतानाचं चित्रण मागवतो. मला तर रोज्यांचे दिवसही विचारले. त्या महिन्यात व्यायाम हलका, इफ्तारनंतर. मे महिन्यात पहाटेच, नागपूरचं ऊन ठाऊकच आहे!

शेजारच्या वहिनी छातीच्या प्रश्नाला ‘कधीकधी’ म्हणाल्या. त्यानं फी घेतली नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, म्हणाला. वहिनी रागावल्या. चौथ्या दिवशी मात्र ईसीजी काढून आल्या.