तालुक्याच्या गावातील संशोधन: फलटणच्या संस्थेची विविध कामे आणि त्यांतील सूत्र

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याचे निरेच्या उजव्या कालव्याने दोन भाग पाडले. नदी आणि कालवा यांमधला पट्टा उसाचा. कालव्याच्या दक्षिणेचा माळ ज्वारी-बाजरीचा, करडईचा आणि मेंढ्यांच्या कळपांचा. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आलेले बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये याच तालुक्यात निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. ही विनानफा संस्था इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नारी’ या नावाने ओळखली जाते. पिकांच्या पैदाशीपासून सुरू झालेले तिचे काम पुढे पशुपैदास, सौर उष्णता, अल्कोहोल, पाचटाचा वायू, स्टोव्ह आणि विजेवरची रिक्षा इथपर्यंत पसरले. एका छोट्या संस्थेने इतके विषय हाती घेणे म्हणजे शक्तीची उधळण, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र यातील जवळपास प्रत्येक विषय त्या एका तालुक्याच्या जमिनीतून, पाण्याच्या टंचाईतून किंवा कोरडवाहू घराच्या गरजेतून आलेला आहे. प्रादेशिक संशोधन म्हणजे काय आणि ते कुठे अडते, हे समजण्यासाठी म्हणूनच हे उदाहरण उपयोगी पडते.

करडईचे काम पहिल्यांदा पाहावे. रब्बीत पावसाशिवाय, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारे हे तेलबियांचे पीक आहे. त्याची मुळे खोल जातात, त्यामुळे ते अवर्षणात तग धरते. अडचण काट्यांची होती. काट्यांमुळे गुरे शेतात शिरत नाहीत, म्हणून करडई बांधाच्या कडेने लावण्याची जुनी रीत आहे. पण तेच काटे काढणीच्या वेळी मजुरांचे हात फोडतात. मजुरी वाढू लागली तशी काढणीला माणसे मिळेनात आणि करडईचे क्षेत्र घटत गेले. फलटणच्या पैदासकारांनी काटे नसलेल्या वाणांवर लक्ष केंद्रित केले. ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा जगातला पहिला बिनकाट्याचा संकर, ही त्या कामाची ठळक फळे.

करडईचा संकर करणे तांत्रिकदृष्ट्या किचकट असते. करडई मुख्यतः स्वपरागित पीक आहे. एकेका बोंडातील असंख्य बारीक फुलांचे पुंकेसर हाताने काढून व्यापारी बियाणे तयार करता येत नाही. त्यासाठी जनुकीय नरवंध्यत्व असलेल्या ओळी वापरतात. अशा ओळीत निम्मी झाडे वंध्य आणि निम्मी प्रजननक्षम निघतात. बीजोत्पादकाला फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच प्रजननक्षम झाडे ओळखून उपटून टाकावी लागतात, नाहीतर बियाणे शुद्ध राहत नाही. बिनकाट्याच्या वाणांमुळे आणखी एक वाट मोकळी झाली. करडईच्या पाकळ्यांना रंगासाठी आणि औषधी चहासाठी मागणी असते. काटे नसल्याने त्या हाताने वेचता येतात, आणि दाणे पक्व झाल्यावर वेचल्या तर तेलाचे उत्पन्नही बुडत नाही.

दुसरे पीक गोड ज्वारीचे. तिच्या कणसातून माणसाला दाणा, ताटातून गोड रस आणि चिपाडातून जनावराला चारा मिळतो. सुमारे चार महिन्यांत येणाऱ्या या पिकाला उसाच्या मानाने फार कमी पाणी लागते. ‘मधुरा’ हा संकर या कामातून आला. रसापासून काकवीसारखा पाक करता येतो आणि आंबवून अल्कोहोलही मिळते. इथे पीकशास्त्रज्ञाचे काम संपून अभियंत्याचे सुरू झाले. आयआयटी कानपूर आणि अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात शिकलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये फलटणला आले, आणि त्याच दशकात आंबवलेल्या रसाचे ऊर्ध्वपातन सौर उष्णतेवर करणारे प्रायोगिक संयंत्र उभे राहिले. ऊर्ध्वपातनाला फार चढे तापमान लागत नाही. साध्या सौर संग्राहकातून मिळणारे गरम पाणी त्याला पुरते, हे त्यामागचे गणित होते.

मिळालेल्या अल्कोहोलचा उपयोग घरात व्हावा, म्हणून त्यावर चालणारे स्टोव्ह आणि कंदील तयार झाले. निम्म्याच्या आसपास पाणी असलेले अल्कोहोलही जाळता येईल असा स्टोव्ह, हा त्यातला सर्वांत वेगळा विचार. पाणी जास्त ठेवले की ऊर्ध्वपातनाचा खर्च उतरतो आणि आगीचा धोका घटतो. परंतु हे मिश्रण पिण्याच्या दारूच्या फार जवळ जाते. अल्कोहोलवर राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते आणि त्याचे उत्पादन, साठा, वाहतूक या सर्वांना परवाने लागतात. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले इंधन त्यामुळे स्वयंपाकघरात पोचू शकले नाही. पुढे केरोसीनवर एकाच वेळी स्वयंपाक आणि उजेड देणारा ‘लॅनस्टोव्ह’ आला. दिव्याच्या जाळीतून वाया जाणारी उष्णता भांड्याखाली वापरण्याची त्याची कल्पना सोपी होती. मात्र २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस आणि २०१७ नंतर सौभाग्य योजनेतून वीज घरोघर जाऊ लागली, आणि ज्या गरजेसाठी हा स्टोव्ह तयार झाला तीच बदलली.

उसाच्या पट्ट्यातील प्रश्न वेगळा होता. तोडणीनंतर शेतात पडलेले पाचट बहुतेक ठिकाणी पेटवून दिले जाते. त्यातील उष्णता कामी आणण्यासाठी ‘नारी’ने पाचट आणि चिपाड यांवर चालणारे वायुजनक संयंत्र विकसित केले. त्यात मर्यादित हवेत जळण तापवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळवतात. लाकडावर चालणारी अशी संयंत्रे आधीपासून होती. पाचट त्यांत चालत नव्हते. ते इतके हलके आणि फुसफुशीत असते की नळीतून खाली सरकण्याऐवजी मध्येच अडकून बसते, आणि त्याची राख तापून चिकटते. म्हणून सुट्या पाचटाला सतत पुढे ढकलणारी रचना करावी लागली. मिळणाऱ्या वायूचा उद्देश कारखान्यांच्या भट्ट्यांमधील तेलाची जागा घेण्याचा होता. मागे उरणारा कोळसाही वापरता येतो. याच कामातून १९९०च्या दशकात एका तालुक्याची ऊर्जेची गरज त्याच तालुक्यातील शेतीच्या अवशेषांतून किती भागेल, याचा हिशेब मांडला गेला. नियोजनाचे एकक जिल्हा किंवा राज्य न धरता तालुका धरावा, ही राजवंशी यांची मांडणी त्यातून पुढे आली.

माळावरच्या मेंढीचा विषय याहून लांबचा प्रवास सांगतो. दख्खनी मेंढीच्या लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी अशा उपजाती मानल्या जातात. ती काटक आहे, दुष्काळात मैलोगणती चालते. पण बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंगाली मेंढ्यांचा हाच गुण पुढे तिथल्या बुरुला मेरिनो कळपात दिसून आला. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी या गुणामागचा जनुकीय बदल निश्चित केला. तो ‘फेक-बी’ या नावाने ओळखला जातो. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली फलटणला गरोल आणि दख्खनी यांचा संकर करून, नंतर पुन्हापुन्हा मोठ्या अंगाच्या जातींशी जोड देत ‘नारी सुवर्णा’ मेंढी घडवली गेली. अंग धनगराच्या पसंतीचे राहावे आणि जनुक मात्र गरोलचे यावे, हा हेतू. जनुकाची एक प्रत असली तरी मेंढी जुळी देऊ शकते. कोणत्या कोकरात ते उतरले आहे, हे डीएनए तपासणीने जन्मतःच कळते. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांचे सहकार्य मिळाले. जुळी झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट झाले, असे मात्र नसते. आईला गाभणपणात आणि विल्यानंतर जास्त खुराक लागतो, कोकरे जन्मतः हलकी असतात, त्यांची देखभाल वाढते. म्हणून मेंढी धनगरांच्या कळपात देऊन तिथली मोजमापे ठेवणे हा या संशोधनाचा अविभाज्य भाग झाला.

विजेवरच्या रिक्षेचा अनुभव कायद्याच्या बाजूने बोलका आहे. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी करण्यासाठी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ‘नारी’ने सुधारित सायकलरिक्षा, मोटारीची मदत असलेली रिक्षा आणि संपूर्ण बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ असे तीन नमुने तयार केले. तेव्हा अशा वाहनाला मोटार वाहन कायद्यात नेमके स्थान नव्हते. दिल्लीच्या रस्त्यांवर परदेशी सुट्या भागांतून जोडलेल्या ई-रिक्षा हजारोंनी धावू लागल्यावर २०१४ मध्ये नियम बदलले आणि २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. देशी नमुना त्याच्या कितीतरी वर्षे आधी तयार होता. त्याला कारखाना, कर्जपुरवठा आणि नोंदणी मिळाली नाही.

या सर्व कामांची बेरीज केली की दोन निष्कर्ष निघतात. विषयांची विविधता हा दोष नाही, कारण प्रश्न एका भूभागाचा असला तर पीक, पशू आणि यंत्र यांच्या सीमा आपोआप पुसल्या जातात. गोड ज्वारीसाठी पैदासकार आणि यंत्र अभियंता एकाच आवारात असावे लागतात. दुसरा निष्कर्ष अधिक कटू आहे. जिथे संशोधनाचे फळ बियाण्याच्या किंवा जनावराच्या रूपात होते, तिथे ते शेतकऱ्यांपर्यंत पोचू शकले. जिथे ते यंत्राच्या किंवा इंधनाच्या रूपात होते, तिथे परवाना, उत्पादक, दुरुस्ती आणि कर्ज या चार ठिकाणी ते अडले. ही चार कामे प्रयोगशाळेची नव्हेत. ती शासनाची, उद्योगाची आणि बँकांची आहेत.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आज अनेक तालुक्यांत आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बहुधा तयार यादीतून निवडले जातात आणि परीक्षेनंतर कपाटात जातात. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील पाच प्रश्न ठरवून त्यांवर वर्षानुवर्षे सलग काम करावे, मोजमापे मराठीत प्रसिद्ध करावीत, आणि राज्य शासनाने नव्या साधनांना मर्यादित क्षेत्रात चाचणीचा परवाना देणारी सोपी व्यवस्था उभी करावी, असे आवाहन करणे उचित ठरेल.