चूक बोटाची की मांडणीची?

गावाकडे फोन लावला की आई-बाबांचं एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्हाला नाही बाबा जमत ते ॲप!" आज बोलूया ते जमत का नाही यावर.

मानसशास्त्र सांगतं, आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं. 2020 मधलं एहतेराज आठवा. मॉलच्या दारातला रक्षक मजकूर वाचत बसायचा नाही. हिरवा रंग दिसला की आत सोडायचा. मुंबईचे डबेवालेही हेच करतात. डब्यावर रंग, आकडे आणि अक्षरं असतात. त्यावरून स्टेशन, इमारत आणि मजला कळतो, पत्ता पाठ करावा लागत नाही.

पण नुसत्या रंगावर विसंबूनही चालत नाही. काहींना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. आपल्या एज्युकेशन सिटीकडे येणाऱ्या मेट्रोला रंग आहे, तसंच 'ग्रीन लाइन' हे नावही लिहिलेलं असतं. एक खूण हुकली तरी दुसरी असते.

दुसरी गोष्ट सवयीची. फोनची भाषा अरबी करून पाहा. मांडणी उजवीकडून डावीकडे होते, मागे जाण्याचा बाण उजव्या कोपऱ्यात जातो. आपलं बोट मात्र डावीकडेच वळतं. माणूस तोच, फोन तोच, तरी क्षणभर आपणही अडाणी ठरतो! दर अपडेटनंतर बटणं हलली की आईचं नेमकं हेच होतं.

तिसरी गोष्ट चूक सावरण्याची. घरी पैसे पाठवताना 'पाठवा' दाबण्याआधी समोरच्याचं नाव आणि रक्कम ठळक दिसली, तर चुकलेला एक आकडा तिथेच सापडतो. नाही दिसली, तर महिन्याची कमाई भलत्याच खात्यात! डोनाल्ड नॉर्मन 1988 पासून हेच सांगत आलेत: वापरणारा चुकला की तो स्वतःला दोष देतो, खोट बहुधा मांडणीत असते.

तेव्हा आईला "किती वेळा सांगितलं!" म्हणू नका. "आत्ता समोर काय दिसतंय?" असं विचारा. आणि तुमच्यापैकी जे ॲप बनवतात त्यांनी ते एखाद्या नवख्याच्या हातात द्यावं, आणि गप्प बसून पाहावं. बोट जिथे अडेल, तिथे दुरुस्ती हवी.