विहिरीचें पाणी येतें कोठून?

पावसाळा सरून सहा महिने लोटलेले असतात. ओढा कोरडा ठणठणीत पडलेला असतो, आभाळांत ढगाचा ठिपकाहि नसतो. आणि तरीहि गांवची विहीर सायंकाळीं उपसली तर सकाळपर्यंत पुन्हां हात-दोन हात भरते. हें पाणी रात्रींतून आलें कोठून? प्रश्न साधा आहे. पण त्याचें बरोबर उत्तर सांपडावयास माणसाला फार काळ लागला.

युरोपांत पुष्कळ विद्वान असें मानीत कीं, समुद्राचें पाणी जमिनीखालच्या गुप्त वाटांनीं डोंगरांच्या पोटांत शिरतें, वाटेंत त्याचा खारटपणा गळून जातो, आणि तेंच झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. एवढाल्या नद्या वर्षभर वाहत्या ठेवावयास नुसता पाऊस पुरेल, हें त्यांना खरेंच वाटेना. १६७४ सालीं पॅरिस येथें प्येर पेरो यांचा एक ग्रंथ निघाला व त्यानें ही शंका मोजमापावर नेऊन ठेवली. सेन नदीच्या उगमाकडील मुलखांत वर्षाला किती पाऊस पडतो आणि नदींतून किती पाणी वाहतें, याचा पेरो यांनीं हिशेब मांडला. ताळा पाहिला तो पाऊस नदीच्या सहापट भरला! पाऊस पुरत नाहीं ही गोष्ट दूरच राहिली; उरलेले पांच हिस्से जातात कोठें, हाच खरा प्रश्न होऊन बसला.

भारतांत त्यापूर्वीं कितीतरी आधीं, सहाव्या शतकांत, वराहमिहिरानें ‘बृहत्संहिता’ ग्रंथांतील ‘दकार्गल’ नांवाचें एक संपूर्ण प्रकरण भूमिगत पाण्याला वाहिलें आहे. माणसाच्या अंगांत जशा शिरा, तशा जमिनींतहि पाण्याच्या शिरा असतात, आणि झाडें व वारुळें पाहून त्यांचा माग काढावा, असें तो सांगतो. त्याची प्रत्येक खूण आज पटेल असें नाहीं. परंतु ‘शिरा’ हा शब्द महाराष्ट्रांतील खडकाला किती चपखल बसतो, तें पुढें दिसेलच.

समुद्राचा पाण्याशीं संबंध आहे, पण तो आभाळांतून. उन्हानें समुद्राच्या पाण्याची वाफ होते, मीठ मागें राहतें. नैर्ऋत्येचे वारे ती वाफ सह्याद्रीवर आणतात. वर चढतांना ती निवते, तिचे ढग होतात, पाऊस पडतो. महाबळेश्वरास वर्षाकांठीं सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि तोच डोंगर ओलांडून पूर्वेस फलटण-माणाकडे उतरावें, तर तेथें जेमतेम ५०० मिलिमीटर. पडलेल्या पाण्यापैकीं कांहीं ओढ्यानाल्यांनीं वाहून जातें. बरेंचसें ऊन आणि झाडेंझुडपें पुन्हां आभाळांत पाठवून देतात. आणि थोडें जमिनींत मुरतें. या थोडक्यावर विहीर जगते.

मुरलेलें पाणी राहतें कसें, हें घरींहि पाहतां येतें. काचेचा एक पेला जाड वाळूनें भरावा व हळूहळू पाणी ओतावें. वाळूच्या कणांमधील फटींत तें खालीं उतरतें आणि तळापासून ओली रेघ वर चढूं लागते. अर्धा पेला ओला झाला म्हणजे मध्यें बोटानें खळगा करावा. खळग्यांत रेघेइतकेंच पाणी येऊन उभें राहील. तो खळगा म्हणजे विहीर, आणि ती रेघ म्हणजे भूजलाची पातळी. जमिनीखालीं पाण्याचें तळें असतें अशी जी पुष्कळांची समजूत असते, ती मात्र या पेल्यापाशींच सोडून द्यावी.

महाराष्ट्राचा पेला वाळूचा नाहीं, ही खरी अडचण. राज्याची सुमारें चार-पंचमांश भूमि काळ्या पाषाणाची आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, एकावर एक थर पसरत गेले आणि त्यांचेंच पठार झालें. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो. खालचा भाग अखंड व टणक, क्वचित् उभ्या-आडव्या चिरा गेलेला. पृष्ठाजवळचा खडक ऊनपावसानें कुजून त्याचा मुरूम झालेला असतो. पाणी राहतें तें या मुरुमांत आणि या चिरांत. वराहमिहिराच्या शिरा त्या ह्याच.

पण या खडकांत जागा किती? नदीकांठच्या वाळूमातीच्या शंभर घनफुटांतून दहा-पंधरा घनफूट पाणी उपसतां येतें. कुजलेल्या काळ्या खडकाच्या तेवढ्याच आकारांतून सुमारें दोन. आतां हिशेब करावा. ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरला, तर तें झालें ५० मिलिमीटर. खडकाची पोकळी शंभरांत दोन असल्यामुळें हें पाणी पन्नासपट उंचीवर पसरतें, म्हणजे विहिरीची पातळी अडीच मीटरांनीं वर येते. भाद्रपदांत विहीर तुडुंब दिसते ती यामुळें! पण हाच हिशेब उलटाहि चालतो. शेतांवर ५० मिलिमीटर पाणी उपसून घातलें कीं तेच अडीच मीटर खालीं. भरलेली विहीर पाहून गांवाला श्रीमंतीचा भास होतो, तो या अरुंद भांड्याचा प्रताप आहे.

बैलांच्या मोटेला हा भास फारसा बाधला नाहीं. मोटेचा वेगच बेताचा होता. विजेचे पंप आले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर यंत्रानें खोदलेल्या विंधणविहिरी खेडोपाडीं वाढल्या. पांचशें, सातशें फुटांवर एखादी चीर लागते, पाण्याचा फवारा उडतो, घरांत साखर वाटली जाते. त्या चिरेंत कित्येक वर्षांचें पाणी सांचलेलें असतें, आणि तेथवर नवें पाणी झिरपावयासहि तसाच काळ लागतो. शिवाय कधीं कधीं तें पाणी शेजाऱ्याच्या उथळ विहिरींतूनच खालीं ओढलेलें असतें. खोली वाढली म्हणजे सांठा वाढला, असें नव्हे.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना आठवत असेल. तेथें सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे फलटणपेक्षां बरा. परंतु पाठोपाठ पाऊस उणा झाला, मांजरा धरण आटलें, आणि उसाच्या मुलखांत शेंकडों फूट खोल गेलेल्या विंधणविहिरीहि कोरड्या पडल्या. अखेर १२ एप्रिल रोजीं, सुमारें ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून दहा डब्यांत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोंचली. पुढें पन्नास डब्यांच्या गाड्या धावल्या.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं लातूरपेक्षां पाऊस बराच कमी. तेथें डोंगरउतारावर चर खणून, बांध घालून पाणी अडविलें. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शेतीसाठीं विंधणविहीर घेण्यास आणि ऊस लावण्यास गांवानेंच बंदी केली. पाऊस मोजला जातो, विहिरींच्या पातळ्या पाहिल्या जातात, आणि त्या वर्षींचें पाणी किती तें ग्रामसभेंत मांडतात. आधीं माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें काढून ठेवावयाचें, मग उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं. पाऊस उणा पडला, तर जास्त पाण्याच्या पिकांवर त्या वर्षीं पाणी सोडावें लागतें; अर्थात् या शब्दांच्या दुसऱ्या अर्थानें!