मरळीच्या मागे: बीडच्या तळ्यांवरचा न संपणारा पाठलाग

आजच्या भागात ना कोडिंग, ना करिअर, ना पगारवाढीचं रडगाणं. आज मासा. आणि तोही एकच मासा: मरळ.

पुण्यात ऑफिसात कुणाला सांगितलं की मी सुट्टीला बीडला जाऊन गळ टाकतो, तर समोरचा आधी हसतो. "बीडला? तिथं प्यायला पाणी नाही, मासे कुठून येणार?" कोकणवाल्याला आपण हे बोलत नाही, पण बीडवाल्याला सगळे बोलतात. म्हणून आधी पाण्याचा हिशोब सांगतो. जिल्ह्याच्या उत्तरेच्या कडेनं गोदावरी वाहते. सिंदफणा पाटोद्याकडच्या डोंगरातून निघते, तिच्यावर माजलगावचं धरण आहे. बिंदुसरा बीड शहरातून जाते. दक्षिणेला मांजरा, तिच्यावर केज तालुक्यात धनेगावचं धरण. आणि यांच्यापेक्षा जास्त महत्त्वाचे म्हणजे गावोगावचे पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर आपल्याच आज्या-आजोबांनी खडी फोडून, माती वाहून असे कितीतरी तलाव उभे केले. काठाला बेशरमाची झुडपं, कडेला लव्हाळा, मधे शेवाळ. बाहेरच्याला तो गढूळ डबका वाटतो. गळवाल्याला तिथं मरळ दिसते.

मरळ म्हणजे नेमकी कोणती, ते आधी सांगतो. आपल्याकडे मुख्य दोन. एक साधी मरळ, शास्त्रीय नाव चॅना स्ट्रायाटा. दुसरी फूलमरळ, चॅना मारुलियस. हे दुसरं नाव हॅमिल्टननं १८२२ साली दिलं, आणि त्यात आपली मरळ स्पष्ट ऐकू येते. फूलमरळ जास्त वाढते, आणि लहान वयात तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. तिसरी एक बुटकी, ठिपक्यांची जात आहे, तिला दर दहा कोसांवर वेगळं नाव. दख्खनच्या माशांवर पहिल्यांदा नीट लिहिलं ते कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ च्या आसपास. त्यानंही इथल्या एका मरळीला पांढऱ्या ठिपक्यांवरून लॅटिन नाव दिलं होतं. म्हणजे या माशाच्या मागं लागणारे आपण काही पहिले नाही.

आता खरा प्रश्न. ही मरळ हाती का लागत नाही?

गंमत अशी की मरळ दिसते. रोहू, कटला तुम्हाला दिसणार नाहीत, ते पाण्याखालीच राहतात. मरळीला मात्र वर यावंच लागतं. तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती हवा घेते. नुसत्या कल्ल्यांवर मोठ्या मरळीचं भागत नाही. तिला वर येऊच दिलं नाही, तर ती पाण्यात असून गुदमरून मरते. म्हणून दर काही मिनिटांनी ती वर येते, "गुप्" असा आवाज होतो, पाण्यावर एक गोल उमटतो, आणि संपलं. तुम्हाला कळतं की ती आहे. कुठं आहे तेही कळतं. तरी ती मिळत नाही! आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगतो, हा तसला बग आहे जो लॉगमध्ये रोज दिसतो, पण तुम्ही समोर बसलात की येत नाही.

कारण ती तुम्हालाही बघते. उथळ पाण्यात, काठापासून हात-दोन हातांवर ती पडून असते. तुमची सावली पडली, पाय आपटला, की गेली. एका म्हाताऱ्या भोई मामांना मी विचारलं होतं, "मामा, सकाळपासून पाच येळा वर आली, घेईना का गेली?" ते म्हणाले, "आरं, ती हवा खायला आलती. तुझं बेंडकुळं खायला न्हाई. तिची भूक येगळी अन् तिचा दम येगळा." हे वाक्य मी कितीतरी पोरांना ऐकवलंय. ती वर आली म्हणजे ती भुकेली आहे, असं नसतं.

जुनी पद्धत तुम्ही पाहिली असेल. लांब वेळूची काठी, जाड दोरी, मोठा गळ, त्याला जिवंत बेडूक किंवा छोटा मासा. काठी काठाला खोचून द्यायची आणि घरी जायचं, सकाळी यायचं. आता आमची पिढी रॉड आणि रील घेऊन येते, आणि गळाला रबरी बेडूक असतो. तो पोकळ असतो, गळाची टोकं त्याच्या पाठीला चिकटून असतात, म्हणून तो शेवाळात अडकत नाही. शेवाळावरून टुक टुक करत ओढायचा. मरळ खालून धडक मारते. आणि इथंच नव्वद टक्के पोरं घाई करतात. धडक बसली की लगेच झटका मारायचा नाही. मनात "एक, दोन" म्हणायचं, दोरी ताणली की मगच. तिचं तोंड हाडाचं, कडक. गळाला धार नसेल तर तो नुसता घासून निघतो. आणि लागली तरी ती पहिली शेवाळात घुसते, म्हणून दोरी वेणीची, दणकट लागते. पातळ तंगूस घेऊन मरळीला जाणारा माणूस फक्त बेडूक दान करून येतो.

जिवंत बेडूक वापरू नका, एवढं माझं म्हणणं आहे. आपल्याकडं पहिल्या पावसातला बेडकांचा आवाज आधीच कमी झालाय.

बरं, हा झाला छंद. यात एवढं बोलण्यासारखं काय? आता मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा दुष्काळाचा. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून होतं, ते कोरडं पडलं. ते धरण आपल्या जिल्ह्यात. तेव्हा पाझर तलावांची काय अवस्था होती, ती तुम्हाला सांगायला नको. तळाला भेगा. तरी पुढं चांगला पाऊस झाला आणि काही ठिकाणी मरळ पुन्हा दिसू लागली. लोक म्हणाले, आकाशातून पडली. आकाशातून नाही. साधी मरळ ओल्या चिखलात गाडून घेऊन बराच काळ काढू शकते, कारण तिला हवा घेता येते. अंग ओलं राहिलं तर ती ओल्या गवतातून थोडं अंतर सरपटूनही जाते. काही वरच्या डोहांतून, काही विहिरींतून ओढ्याच्या पुराबरोबर आल्या असणार. म्हणजे दुष्काळी भागाला साजेसा मासा कुणी मुद्दाम बनवला असता, तर तो असाच झाला असता.

पण याला अट आहे: चिखल ओला राहिला पाहिजे, आणि चिखलात कुणी हात घातला नाही पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पाणी गुडघ्याएवढं राहिलं की अख्खं गाव तळ्यात उतरतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मजा असते, मी नाही म्हणत नाही. फक्त त्या दिवशी शेवटची मरळ चिखलातून उकरून निघाली, की पुढच्या पावसात तळं भरतं आणि मरळ नसते.

त्यात गाळ काढण्याचं कामही आलं. शेताला गाळ हवाच, मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, मला त्याची किंमत कळते. नाला खोलीकरणानं विहिरींना पाणी आलेली गावंही आहेत. पण जेसीबीनं सरळ भिंतीसारखे काठ कापले, तर मरळीला अंडी घालायला उथळ, गवताळ कड राहत नाही. एखाद्या कोपऱ्याचा उतार तसाच ठेवला, तर शेतकऱ्याचं काही जात नाही.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे, कारण तो आपल्याच लोकांचा आहे.

पावसाळ्यात मरळीची जोडी कडेच्या गवतात जागा साफ करते. अंडी पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात आणि थोड्या दिवसांनी ती लालभडक-नारिंगी दिसायला लागतात. शेकडो पिल्लांचा एक झुबका. तीही हवेसाठी वर येतात, तेव्हा पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखं दिसतं. आणि झुबक्याच्या खाली आईबाप राखण करत असतात. साधारण महिनाभर. बगळा, खंड्या, दुसरा मासा, काहीही जवळ आलं की ते हल्ला करतात.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. वर्षभर हुलकावणी देणारी मरळ या एका महिन्यात हमखास हल्ला करते. झुबक्याच्या मधे रबरी बेडूक टाकला की धडक बसतेच. ती भूक नसते, पिल्लांचा राग असतो. सोशल मीडियावर "मॉन्स्टर मरळ" म्हणून फिरणारे पावसाळ्यातले व्हिडिओ नीट बघा. कितीतरी व्हिडिओंत मागं पाण्यावर तो लाल झुबका दिसतो. मासा वर येतो, फोटो होतो, पिशवीत जातो. पिल्लं तिथंच फिरत राहतात, बिना राखणीची. दुसऱ्या दिवशी बघायला गेलात तर झुबका अर्धा झालेला असतो.

याला पाठलाग म्हणायचं का? मला तरी पटत नाही. ज्या माशाची अक्कल, सावधपणा, दम यासाठी आपण त्याच्या मागं लागतो, तो सगळा सावधपणा त्यानं पोरांसाठी बाजूला ठेवलेला असतो, आणि आपण नेमकं तेव्हाच गाठतो. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीच. आपल्या पाझर तलावाच्या काठावर रॉड घेऊन बसलेल्या पोराला असं काही आडवं येत नाही. तिथं आपलं आपल्यालाच ठरवावं लागेल.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "आम्ही नाही मारली तर जाळंवाले मारतील." दुसरं सोसायटीवाल्यांचं. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं जातात. त्यांनी रोहू-कटल्याची बोटुकली विकत आणून सोडलेली असते आणि मरळ ती खाते. त्यांच्यासाठी मरळ म्हणजे घरात शिरलेलं मांजर. हे खोटं नाही. पण त्याच संस्थेच्या माणसाला विचारा, बाजारात चांगला भाव कुणाला? मरळीला. काटे कमी, आणि हवा घेत असल्यामुळं ती टोपलीत जिवंत बाजारात पोचते. मग पिल्लांच्या महिन्यात तिला सोडून दिवाळीनंतर धरली, तर नुकसान कुणाचं? आणि एक सांगतो, त्यांच्या पाण्यावर गळ टाकायला जाताना आधी संस्थेला विचारा. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला रविवार.

करंट, जिलेटिन, औषध टाकून मासे मारणाऱ्यांबद्दल वेगळं काय बोलू? स्फोटकं आणि विष यांवर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली.

जरा बाहेर बघू. शेजारच्या तेलंगणात मरळ हा राज्य मासा आहे, तिकडं तिला कोरमीनू म्हणतात. दरवर्षी मृगाला हैदराबादला दम्यासाठी जो "मछली प्रसाद" देतात, त्यात जिवंत मरळीचंच पिल्लू गिळायला देतात. त्यानं दमा बरा होतो याला वैद्यकीय आधार नाही, हे ठणकावून सांगतो. पण निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात ही गोष्ट घराघरात माहीत आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं. कोकणाचं अभिनंदन! मराठवाड्याला कुणी विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं.

आणि अमेरिकेत उलटी गोष्ट. २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावात एका तळ्यात मरळीची चिनी बहीण सापडली आणि एवढी घबराट झाली, की औषध टाकून तळं मारलं आणि त्याच वर्षी जिवंत मरळी आयात करायला देशभर बंदी आली. फ्लोरिडात फूलमरळीच्या गटातला मासा २००० साली सापडला, तिथंही गळवाले रबरी बेडूक घेऊनच मागं लागतात. तिकडं ती परकी. इकडं ती घरची, आणि आपल्याला ती जपायची आहे. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडं तसं करू नका.

मग करायचं काय? माझ्या चार गोष्टी. एक, लाल झुबका दिसला की तिथं गळ टाकायचा नाही, आणि जागाही कुणाला सांगायची नाही. दोन, हंगामाबाहेर धरलेली खायची असेल तर एक न्या, बाकीच्या सोडा. हात ओले करून धरा, गळाचा काटा आधीच दाबून ठेवा. तीन, हिवाळ्यात अंगावर लाल जखमा असलेली मरळ दिसली तर ती एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊ नका. तो रोग १९८८ च्या सुमारास देशात शिरला आणि मरळीला फार लागतो. चार, उन्हाळ्यात गावात बोलून एक तरी डोह, एक तरी चिखलाचा कोपरा राखा.

आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर यावर भांडण सुरू आहे. काही जण म्हणतात, पावसाळ्यातच सुट्टी मिळते, मग कधी जायचं? त्यांना माझं उत्तर: पावसाळ्यात या, बसा, बघा, वाम धरा, चिलापी धरा, जेवढी हवी तेवढी. मरळीला दिवाळीनंतर भेटू. तेव्हा ती पोरांच्या काळजीत नसेल, पुरती शहाणी असेल, आणि बहुतेक वेळा आपल्याला रिकाम्या हातानं घरी पाठवेल. मग लागली तर ती खरी लागली.

तुमच्या गावच्या तळ्यात मरळ आहे का, आणि तिथल्या बुटक्या जातीला काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. जागा सांगू नका, फक्त नाव सांगा. भेटू पुढच्या भागात.