बेलाला अंक द्या



२०१४ हे साल वसई-विरारकरांच्या लक्षात आहे ते पालघर जिल्ह्यामुळे. १ ऑगस्टला आपण ठाण्यातून वेगळे निघालो. त्याच वर्षी कॉमिक्सच्या दुनियेत दोन मुलींनीही आपलं बिऱ्हाड मांडलं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने 'मिस मार्व्हल' नावाने कमला खानची मालिका सुरू केली. जर्सी सिटीतली शाळकरी मुलगी, आईवडील पाकिस्तानातून आलेले, रात्रीच्या पार्टीला घरातून सक्त मनाई, आणि अंगी हवा तो आकार घेण्याची शक्ती. डिसेंबरात मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये 'प्रियाज शक्ती' आलं. त्यातली प्रिया बलात्काराच्या आघातातून उभी राहते आणि वाघावर बसून अन्यायाशी लढायला निघते.

विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगराखाली राहणाऱ्या आम्हा बायकांना वाघावर बसलेल्या बाईचं काय नवल? नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या मुली वाजतगाजत येतात आणि चार दिवसांनी बघावं तर कोपऱ्यात बसवलेल्या असतात.

आमच्या इमारतीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी कमलाची कट्टर चाहती आहे. कॉमिक कॉनला निघाली ती कमलाच्या वेषात. निळा झगा, छातीवर सोनेरी वीज, गळ्यात लांबलचक लाल ओढणी. विरार लोकलच्या लेडीज डब्यात मेथी निवडत बसलेल्या काकूंनी विचारलं, "नाटकात काम करतेस का गं?" मग काय, वसईपासून बोरिवलीपर्यंत हिने सगळी कथा सांगितली. काकूंनी मेथी पिशवीत भरली आणि म्हणाल्या, "एवढी गुणाची पोर, मग मारली कशाला?"

समीक्षक म्हणून या काकूंचं नाव सुचवावं असं मला वाटतं. २०२३ मध्ये मार्व्हलने कमलाला खरंच मारलं, आणि तेही तिच्या स्वतःच्या मालिकेत नव्हे, 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २६व्या अंकात. शत्रूला चकवायला ती स्पायडरमॅनच्या मेरी जेनचं रूप घेते आणि तिच्याऐवजी वार झेलते. म्हणजे मरण आलं ते पाहुणी म्हणून, दुसऱ्याच्या घरी, दुसरीचा चेहरा लावून. दोन महिन्यांत तिला एक्स-मेनच्या अंकात जिवंतही केलं, कारण पडद्यावरच्या कमलाशी आता तिचा मेळ घालायचा होता. चाहत्यांचा संताप मरणावर नव्हता. कॉमिक्समध्ये मेलेले परत येतात, हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. संताप होता तो तिला स्पायडरमॅनच्या डोळ्यांत पाणी आणण्यापुरतं वापरल्याचा.

हे जुनं दुखणं आहे. १९९९ मध्ये गेल सिमोन या वाचक बाईंनी नायकाला पेटून उठायला कारण हवं म्हणून मारलेल्या, छळलेल्या स्त्रीपात्रांची यादीच केली. बाई व्यवसायाने केशकर्तनकार. पुढे त्याच वंडर वूमनच्या लेखिका झाल्या. पण यादी काही थांबली नाही. २००४ मध्ये बॅटमॅनने स्टेफनी ब्राऊन या मुलीला रॉबिन केलं आणि त्याच वर्षी बॅटमॅनच्या प्रकाशकांनी तिला मारून टाकलं. आधीचा एक रॉबिन मेला तेव्हा त्याचा पोशाख काचेच्या कपाटात जपून ठेवला होता. स्टेफनीचं कपाट कुठे आहे, असं चाहत्यांनी वर्षानुवर्षं विचारलं. कागदावर एक कपाट काढायला असं कितीसं शाईपाणी लागतं?

बरं, हे सगळं तिकडे अमेरिकेत, असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. माझी पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ ते १९९० चालवलेली ही मालिका मराठीतही यायची आणि वेताळाचा, म्हणजे फँटमचा, अंक हातोहात फिरायचा. वेताळाची डायना १९३६ मधल्या पहिल्याच कथेत चक्क बॉक्सिंग करताना दिसते. पुढे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते. एवढ्या कर्तबगार बाईचं कथेतलं मुख्य काम काय, तर पळवली जाणं आणि वाट पाहणं. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्यूली तर भावाच्या जागी स्वतः मुखवटा चढवते. वाचताना मी उडालेच होते! पण भाऊ बरा झाला आणि ज्यूलीची गोष्ट संपली.

आणि आपली बेला. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये 'बहादूर' निर्माण केला, दरोडेखोराचा मुलगा, गावाचं रक्षण करणारा. बेला त्याच्या बरोबरीची. हाणामारीत तयार, प्रसंगी त्यालाच सोडवून आणणारी. आम्ही मुली खेळात बेलाच व्हायचो. मालिकेचं नाव मात्र शेवटपर्यंत 'बहादूर'च राहिलं.

प्रकाशक म्हणतात, बायकांचे अंक खपत नाहीत. हा हिशेब जरा उघडून पाहू. अमेरिकेत हे अंक कॉमिक्सच्या खास दुकानांतून जातात. दुकानदाराला दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवावी लागते आणि न खपलेला माल सहसा परत घेतला जात नाही. साहजिकच तो ओळखीच्या नावावर पैसे लावतो, नव्या मुलीच्या प्रती मोजक्याच मागवतो. तेच आकडे पुढे करून कंपनी मालिका गुंडाळते. तिच्या खऱ्या वाचक शाळा-कॉलेजच्या मुली. त्या या दुकानांत फारशा फिरकत नाहीत, बांधीव पुस्तकाची वाट पाहतात, आणि पुस्तक हाती येईतो मालिका आटोपलेली असते. कमला तगली ती अशा पुस्तकांच्याही जोरावर. तिच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळालं.

प्रियाचं दुखणं निराळं. हेतू उत्तम, पण तिला सतत प्रबोधनाच्या कामाला जुंपलेलं. २०१६ मध्ये ॲसिडहल्ले, २०१९ मध्ये मुलींची विक्री. वेताळाला हुंडाबंदीवर अंक काढ म्हणून कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यापेक्षा मुलांच्या 'टिंकल'ची विंगस्टार मला जवळची वाटते. २०१५ मध्ये शॉन डिमेलो आणि विनीत नायर यांनी ती आणली. (डिमेलो म्हटल्यावर वसईकरांचे कान टवकारणारच.) ही मिझोरममधल्या ऐझॉलची तेरा वर्षांची मापुई. पंख बापाने बनवून दिलेले, पण जग वाचवण्यापेक्षा हिला मैत्रिणींकडे राहायला जाण्यात जास्त रस!

बाईला कोपऱ्यात बसवणं कॉमिक्सपुरतंच नाही. आपल्या जिल्ह्यातही गोष्ट चित्रातून सांगण्याची परंपरा जुनी आहे. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाष्णी लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर. जगभर नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्यांचा रास्तच होता. त्या सवाष्णींची नावं मात्र कुणी टिपून ठेवली नाहीत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बेला असो, मापुई असो की उद्या जव्हार-तलासरीची कुणी वारली पोर, तिचा थाटामाटातला पहिला अंक मला नको, हौतात्म्याचा खास अंक तर नकोच. मला तिचा पंचविसावा अंक हवा. त्यात तिची विरार फास्ट चुकावी, आईशी भांडण व्हावं, खलनायकाने त्या महिन्यात तोंडच दाखवू नये, आणि तरीही सव्विसावा अंक वेळेवर छापून यावा.