पन्नाशीनंतरची शिकवणी



शिकवणी म्हटली की गणित-इंग्रजीची शिकवणी डोळ्यांपुढे येते. आज मी वेगळ्या शिकवणीबद्दल बोलणार आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर, नोकरी किंवा घर सांभाळून, रोज तासभर इतरांना व्यायाम शिकवायचा आणि त्याचे चार पैसे मिळवायचे, अशी ही शिकवणी. आमच्या शहाड-कल्याण भागात सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या हॉलमध्ये असे वर्ग भरतात. शिकवणारी कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई असते, तर कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मीही त्यांतलीच एक. कविता लिहिते आणि गेली काही वर्षे आठवड्यातून चार दिवस सकाळी बायकांचा वर्ग घेते.

‘या वयात?’ असा प्रश्न हमखास येतो. तो अगदीच चुकीचा नाही. जिमच्या फलकावर पंचविशीतला पिळदार तरुण असतो. तिथे पांढऱ्या केसांची बाई कशी शोभणार? पण मला वाटतं, या कामात वय ही अडचण नसून भांडवल आहे. मात्र नुसत्या भांडवलावर धंदा चालत नाही. त्याला शिक्षणाची जोड लागते.

आपल्याच मुलखातली उदाहरणं पाहा. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. आधी ते युजीन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करत. १९०८ साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सूर्यनमस्कार नियमाने सुरू केले. पुढे संस्थानातल्या शाळांत ते लागू केले, पुस्तक लिहिलं. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. राजाला अर्धवेळ कमाईची गरज नव्हती, हे खरं. पण शिकवण्याची ओढ मध्यमवयात लागली, हेही तितकंच खरं.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार अठराव्या वर्षापासून शिकवत होते. १९७९ साली, साठी गाठलेल्या अय्यंगारांना स्कूटरचा अपघात झाला. पट्टा, वीट, खुर्ची अशा साधनांचा आधार घेत त्यांनी आपलं शरीर पुन्हा वळणावर आणलं. आज गुडघा न वाकणारा माणूसही खुर्चीच्या आधाराने आसन करू शकतो, त्यामागे त्यांनी रुजवलेली ही साधनांची पद्धत आहे. आणि १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तेही चाळिशीच्या घरातले डॉक्टर होते.

आता वय भांडवल कसं, ते सांगते. माझ्या वर्गात येणाऱ्या बायकांना सपाट पोट नको असतं. एकीचं म्हणणं, ‘नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते, पुन्हा जमिनीवर सजदा करता आला पाहिजे.’ दुसरीला भजनाला मांडी घालून बसायचं आहे. तिसरीला शहाड स्टेशनचा जिना कठडा न धरता चढायचा आहे. या तिन्ही मागण्या मूळची एकच आहेत: मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांत ताकद हवी, घोट्यात लवचीकपणा हवा, तोल सांभाळता यायला हवा. पंचविशीतल्या मुलाला हे पुस्तकातून कळतं. मला माझ्या गुडघ्यांनी शिकवलं आहे. उठताना हात कुठे टेकावासा वाटतो, भीती कोणत्या क्षणी वाटते, हे मला सांगावं लागत नाही.

जमिनीवर बसून उठण्याची आपली जुनी सवय वैद्यकीय दृष्टीनेही बोलकी आहे. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून, शक्यतो आधार न घेता, उठायला सांगितलं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१२ साली निष्कर्ष आले. ज्यांना फार आधार लागला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ गुडघे दुखणाऱ्याने घाबरून जावं असा नाही. पण पाट आणि सतरंजी घरातून गेली, डायनिंग टेबल आलं, तेव्हा एक रोजचा व्यायामही नकळत गेला, एवढं ध्यानात घ्यावं.

या कामाला शिक्षण लागतं, असं मी म्हटलं. शहाडजवळच्या ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ कित्येक वर्षं योगाचे वर्ग चालवतं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं कैवल्यधाम आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षकाचा अभ्यासक्रम नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा आहे. शिवाय केंद्राच्या आयुष मंत्रालयाखालच्या योग प्रमाणन मंडळाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते. पन्नाशीत वही उघडून स्नायूंची नावं पाठ करताना घरची मुलं हसतात. हसू द्यावं.

कारण चूक झाली तर दुखापत दुसऱ्याला होते. नवीन बाई आली की मी आधी विचारते: रक्तदाब आहे का, साखर आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, डोळ्यांत काचबिंदू आहे का? काचबिंदू असणाऱ्याने डोकं खाली घालून आसनं करू नयेत. इन्सुलिन घेणारीने उपाशीपोटी कष्टाचा व्यायाम करू नये. पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तिथे कंबरेतून झटक्याने वाकणं वाईट. छातीत दुखलं, चक्कर आली, तर वर्ग थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं. आपण शिक्षक आहोत, वैद्य नाही, ही मर्यादा पाळावीच लागते.

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस ताकदीचा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याच्या व्यायामांची आठवड्यातून तीन दिवस भर घालावी. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की समजावं. कवितेचा मला इथे उपयोग झाला. मात्रा मोजायची सवय होती. आता श्वास मोजते.

पैशाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. या शिकवणीवर संसार चालत नाही. आमच्या शेजारी मोहोन्यातली एन.आर.सी. कंपनी २००९ साली बंद पडली, तेव्हा ऐन पन्नाशीत हाताचं काम जाणं म्हणजे काय, हे या भागाने पाहिलं. अशा माणसाला ‘व्यायाम शिकव आणि पोट भर’ असा सल्ला देणं क्रूरपणाचं होईल. हा जोडधंदा आहे. हॉलचं भाडं, सतरंज्या, सुट्ट्या, पावसाळ्यातली गळती वजा जाता थोडं उरतं. पण फुकट शिकवू नये, असंही माझं मत आहे. बाईच्या श्रमाला आपल्याकडे ‘सेवा’ म्हणून मोकळं होण्याची सवय फार. ज्या बाईला फी जड जाते तिच्याकडून निम्मी घ्यावी. पण घ्यावी, म्हणजे तीही नियमाने येते आणि आपणही वेळेवर पोचतो.

ज्यांच्या मनात हे काम आहे, त्यांना एवढंच सांगेन: आहे ती नोकरी सोडू नका. आधी वर्षभर स्वतः नियमाने करा, मग रीतसर शिका, आणि पहिला वर्ग पाच माणसांचा घ्या. पाच माणसांची नावं, दुखणी आणि भीती लक्षात राहतात. त्यांच्यापैकी एखादी जमिनीवरून हात न टेकता उठली, की आपलं वय विचारायचं लोक विसरतात.